हसरा शॉट

“तिला नको,” अरुणाचलम म्हणाला आणि दिवेवाल्यांनी दिवे मालवले. झालं ते एवढंच. मी मॉनिटरशेजारी माझ्या चाकांच्या खुर्चीत बसले होते. फ्लोअरवर ओल्या रंगाचा आणि प्लायवुडचा वास भरला होता, आणि जेवणाची सुटी झाली म्हणून माणसं बाहेरच्या उन्हाकडे निघाली होती. कुमरेसन नुकताच मेला होता. म्हणजे सिनेमातला थोरला भाऊ. बहिणीच्या हातचं ताक पिऊन, चटईवर टाचा घासत, चांगला ऐसपैस वेळ घेऊन मेला. तो मरायला लागला की बाकीच्यांना मरायला रीळ उरत नाही, असं आमच्या वडपळनीच्या स्टुडिओंत त्याच्याबद्दल म्हणतात. कट झाल्यावर कॅमेरा बंद केला नाही. कोणी करतच नाही. मेलेल्याने डोळे उघडायचे, उठून बसायचं, भिंगात बघून हसायचं आणि मग त्याच्यावरून कापूर ओवाळायचा, नाहीतर भूमिकेतलं मरण अंगाला चिकटून घरापर्यंत येतं. मेलेल्याचंच असं नाही. विधवा झालेलीचं, वेडाचं सोंग करणाऱ्याचं, पांगळं होणाऱ्याचं, खून करणाऱ्याचंसुद्धा तेच. पडद्यावर कधीच न येणारा तो हसरा शॉट घेतल्याशिवाय आमच्याकडे पानावर बसत नाहीत, आणि तो घेण्याचं काम प्रॉडक्शन मॅनेजरचं. अरुणाचलमने ते आयुष्यभर निष्ठेने केलं आहे. कुमरेसन हसला, पानाने रंगलेले त्याचे दात मॉनिटरवर दिसले, कापूर फिरला. मग अरुणाचलम थाळी घेऊन तेन्मोळीकडे वळला, जिने भावाला विष घातलं होतं, आणि सवयीने म्हणाला, “आता तू, मा. ऊठ आणि कॅमेऱ्यात बघून...”

तेन्मोळीला उठता येत नाही. शाळेत असताना दिंडुक्कलच्या घाटात तिची बस कलंडली, तेव्हापासून कमरेखालचं अंग तिचं ऐकत नाही. सिनेमातल्या बाईची म्हणून जी खुर्ची होती तीसुद्धा तिची स्वतःचीच. आर्टवाल्यांनी तिच्यावर थोडा गंज रंगवला होता, एवढंच. अरुणाचलमने जीभ चावली. देवापुढे मारतात तशा स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. तेवढ्यावर राहिलं असतं तर आम्ही सगळे हसलो असतो, तेन्मोळी सगळ्यांच्या आधी. पण तो क्षणभर विचारात पडला, आणि झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशा आवाजात म्हणाला, “तिला नको. तिला आणखी काय व्हायचंय?”

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, गोंधळ टळला, पहिलाच दिवस आहे, पोरीने तोंड वाकडं केलं नाही. मग मला मिठाचा वास आला. मिठाला वास नसतो हे मलाही कळतं. पण विस्तवावर मिरच्यांबरोबर तडतडलेल्या मिठाला असतो. अमावास्येला अम्मा आम्हा बहिणींना ओट्यावर ओळीने बसवायची, पूर्वेकडे तोंड करून. मुठीत मीठ, सुक्या मिरच्या आणि तिठ्यावरची माती. एकेकीवरून मूठ ओवाळायची, आल्यागेल्याची, शेजारणीची, घरच्यांची नजर म्हणून पुटपुटायची, मुठीत थुंकायला लावायची आणि सगळं चुलीत टाकायची. आधी थोरली, मग मी, मग धाकटी. तापातून उठले तेव्हा माझे पाय शेवग्याच्या वाळक्या शेंगांसारखे झाले होते. त्यानंतरच्या अमावास्येला मीही सरकत सरकत जाऊन ओळीत माझ्या जागी बसले. थोरलीवरून मूठ उतरली, मी थुंकायला तोंड तयार ठेवलं, आणि मूठ माझ्यावरून तशीच पुढे धाकटीकडे गेली. दारात अत्तै उभी होती, बापाची बहीण. ती म्हणाली, “अगं, मधलीला विसरलीस.” अम्मा म्हणाली, “तिला कशाला? तिचं नजरेने खाऊन झालंय.” अम्मा दुष्ट नव्हती. मला पाठीवर घेऊन ती पळनीच्या देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढली होती, आणि तेल लावून माझे पाय चोळताना तिचे स्वतःचे हात सोलवटायचे. पण त्या दिवशी मी तोंडातली थुंकी गिळली, आणि पुढच्या अमावास्येपासून ओट्यावर गेलेच नाही. आत चुलीपाशी बसून राहायची. मधली किती शहाणी, काही म्हणून मागत नाही, असं सगळे कौतुकाने म्हणायला लागले. ते कौतुक मला आवडायचं. दुसरं कुठलं वाट्याला येणार होतं?

फ्लोअर रिकामा झाला होता आणि मी अजून विझलेल्या मॉनिटरकडे बघत होते, तेवढ्यात निरोप आला की मुदलाळींनी बोलावलंय. मुदलाळी म्हणजे मालक, आमचे निर्माते चोक्कलिंगम. ते बाहेर मांडवात केळीच्या पानावर रस्समभात कालवत बसले होते.

“या मंगैअम्मा, बसा,” ते म्हणाले, मग माझ्या खुर्चीकडे बघून ओशाळले. “म्हणजे, बसलेल्याच आहात. तुमच्या तेन्मोळीला काय झालं? साडी बदलायला पाठवली तर व्हॅनमध्ये जाऊन बसलीय. म्हणते, हसरा शॉट घ्या, तर येते. नाहीतर दुपारचं काम नाही.”

“असं म्हणाली?”

“असंच म्हणाली. आता मला सांगा, यात आम्ही काय वाकडं केलं? त्या अरुणाचलमने उलट दयाच केली. उठता येत नाही त्या पोरीला उगाच का ऊठ म्हणायचं?” त्यांनी रस्सम ओरपलं. “माझ्या ऑफिसच्या जिन्याखाली बसून तुम्ही मला काय म्हणाला होता? आमच्या मुलांचा त्रास होणार नाही, सर. त्या एका वाक्यावर मी जिना उतरून खाली आलो. बरोबर?”

“बरोबर.”

“पुढच्या दोन सिनेमांत तुमच्या संस्थेची, वासलची, दोन मुलं घेतो म्हणालोय. तो आंधळा पोरगा आणि ती बहिरी मुलगी. बोललोय ते बोललोय. पण पहिल्याच दिवशी असले रुसवे-फुगवे निघाले तर बाकीचे मुदलाळी मला वेड्यात काढतील. जा, समजवा तिला. तुमचं ऐकेल. आणि आधी जेवून घ्या, लिंबूभात आज बरा जमलाय.”

मी जेवले नाही. व्हॅन फ्लोअरच्या मागे उभी होती, आणि वाटेत वायरींचे वेटोळे पसरले होते, म्हणून मी लांबून वळसा घालून निघाले. खुर्ची मी स्वतः ढकलते. माझ्या दंडांकडे बघून हिला रिक्षा का चालवायला देत नाहीत, असं एकदा कुमरेसन म्हणाला होता. हात चालत होते आणि डोकं जिन्याखाली बसलं होतं. माझी सगळी कारकीर्द जिन्यांच्या तळाशी झाली आहे. कोडंबाक्कम, वडपळनी, साळिग्रामम, कुठेही जा, सिनेमावाल्यांची ऑफिसं पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मी खाली चपलांच्या ढिगाशेजारी बसून वर निरोप पाठवायची आणि थांबायची. कधीतरी लुंगी सावरत कोणी दिग्दर्शक खाली यायचा. वासल म्हणजे उंबरठा. संस्थेचं हे नाव मी का ठेवलं असं पाहुणे विचारतात, तेव्हा मी काहीतरी गोड सांगते. खरं कारण म्हणजे त्याच्या पुढे मला कोणी कधी नेलंच नाही. मी सांगायची, सर, तुमच्या सिनेमात पांगळ्या मुलीचं काम आहे, ते पांगळ्याच मुलीला द्या, आमच्याकडे शिकवून तयार आहे. तो म्हणायचा, द्यायला हरकत नाही अक्का, पण शेवटी ती चालते ना. सगळ्यांच्याच गोष्टीत ती शेवटी चालायची. चालली नाही तर मरायची. मग मी हसून म्हणायची की बरोबर आहे, पुढच्या वेळी बघा, आमच्या मुलांचा त्रास काही होणार नाही. ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ते म्हणताना माझा चेहरासुद्धा आपोआप त्याच्या आकाराचा होतो. काही कडू म्हणायचं नाही मला. त्याच वाक्याने माझ्या मुलांना दारं उघडून दिली. गर्दीतला माणूस, दुकानदार, हीरोची आत्या, अशी छोटी कामं मिळत गेली, आणि आता पहिल्यांदाच एक अख्खी भूमिका, बाई जी उठत नाही, मरत नाही, मारते. दिग्दर्शक इळंगोने ती लिहून आणली तेव्हा मी त्याला दोनदा वाचायला लावली होती.

आणि त्याच्याही आधी मी आवाज होते. मामा रेकॉर्डिंग थिएटरात कामाला होता, त्याने मला नेलं. कुबड्या भिंतीला टेकवून उंच स्टुलावर बसायचं, अंधारात पडद्यावर परमुलुखातली नायिका तोंड हलवायची आणि तिच्या ओठांत मी तमिळ घालायची. भाताच्या बांधावरून ती धावायची, धाप मी टाकायची. विहिरीत उडी मारताना किंचाळायची तीही मीच. मी केवढी धावले असेन त्या स्टुलावर. एकदा एका सिनेमात नायिकेचं काम लंगडीचं होतं. कुबडी चुकीच्या बगलेत घेऊन ती मोठी करुण चालायची, आणि मी तिला करुण आवाज दिला. शेवटचा तुकडा कापायचा राहिला असावा, कारण प्रसंग संपला तरी पडदा चालूच राहिला. ती उभी राहिली, कुबडी फेकून दिली, नीट चार पावलं भिंगाकडे चालत आली आणि खळखळून हसली. हसरा शॉट. त्याला आवाज नसतो, द्यायचा नसतो. पण ओठ हललेले बघितले की माझं तोंड आपोआप उघडायचं, धंद्याची खोड. मी हसले. ती हसत राहिली तोवर मी हसत राहिले, अंधारात, माईकमध्ये, कुबड्यांशेजारी. काचेपलीकडून साउंडवाल्याचा आवाज आला, “मंगै, सिनेमातलं सगळ्यात छान हसणं हेच, आणि नेमकं ठेवायला जागा नाही.” मला त्या बाईचा राग यायला हवा होता. नाही आला. तिच्याबरोबर मीही उठले असं वाटलं, आणि दिवे लागल्यावर मी कुठे आहे ते कळायला थोडा वेळ गेला. पुढे त्या भूमिकेसाठी तिला मोठं बक्षीस मिळालं. ते घ्यायला ती मंचावर पळतच गेली म्हणतात.

व्हॅनचा उतार मी भांडून नाही, विनंती करून करून मिळवला होता. त्यावरून वर गेले. तेन्मोळी आरशासमोर होती, अजून त्याच मळक्या साडीत, आणि कपाळावर खोटा घामही तसाच होता.

“आलात?” तिने आरशातूनच विचारलं. “मुदलाळींनी पाठवलं ना?”

“माझी मी आले.”

“खोटं. तुमची तुम्ही येता तेव्हा चाकं हळू वाजतात.”

मी खुर्ची तिच्याजवळ नेली. म्हटलं, “अरुणाचलम अण्णा मनाने वाईट नाहीत गं.”

“सोनं आहेत. सकाळी स्वतःच्या हाताने पोंगल आणून दिला मला, वर तूप घालून. मला राग आलेला नाही, अक्का.”

“मग नजरेची भीती वाटते?”

“मला?” ती हसली. “माझा बाप काळा शर्टवाला, देव न मानणाऱ्यांतला. आमच्या घरात दिवाळीलासुद्धा पणती लावत नाहीत, सभा घेतात.”

“तर मग तो शॉट कशाला हवाय तुला? कापूर आहे नुसता. मुदलाळी खाली चिडून बसलेत.”

ती म्हणाली, “कुमरेसन सरांना का हसायला लावतात?”

“ते मेले म्हणून.”

“मेले नाहीत म्हणून, अक्का. खऱ्या मेलेल्याला कोणी हस म्हणतं का? सोंग होतं, संपलं, आता ते इथे ठेव आणि जेवायला चल, असं सांगतात त्यांना. मला म्हणाले, नको. म्हणजे मी सोंग केलंच नाही. सकाळी मी माझ्या भावाला मारलं हो. तो तडफडत होता तेव्हा मी चटईचं दुमडलेलं टोक हाताने सरळ केलं, आठवतंय? स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते. तुमच्या अंगणात उन्हाळाभर बसून मी तो हात शोधला. घाई नाही, थरथर नाही, घर आवरणाऱ्या बाईचा हात. आणि त्यांना काय दिसलं? खुर्ची. त्यांना वाटतं मी नुसती बसले होते.”

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलंच. पुढे दोन मुलांची कामं ठरली आहेत. आज अडून बसलीस तर त्यांचं दार लागेल. आजच्या दिवस सोड, पुढच्या वेळी मी बोलेन. म्हणताना माझा आवाज मला ऐकू येत होता, गोड, मापात, तालमीतला, दुसऱ्या कोणाच्या तरी ओठांवर बसवल्यासारखा.

“वर्गात तुम्ही सांगता,” तेन्मोळी म्हणाली, “वेळेआधी पोचा, पाठांतर चोख ठेवा आणि एक गोष्ट मागितली की दुसरी मागू नका. आपली एक मागून झाली. हा उतार. म्हणजे आता मी मागायचंच नाही?” मग माझ्याकडे वळून तिने अगदी साधेपणाने विचारलं, “अक्का, तुम्ही मॉनिटरवर होतात. तुम्हाला माझा हात दिसला का?”

मी आठवून बघितलं. मला चाकं दिसली होती. फळीवर ती घसरत तर नाहीत ना. पाय पायदानावरून निसटलेला नाही ना. कॅमेरामन घड्याळाकडे बघतोय का, लाइटवाले कंटाळलेत का, हिच्यामुळे उशीर झाला असं कोणी म्हणतंय का. सबंध सकाळ मी तेच बघत होते. हात मला दिसला नव्हता. आयुष्य ज्यासाठी घातलं ते समोर चालू होतं आणि मी खुर्ची सांभाळत होते.

“नाही दिसला,” मी म्हटलं.

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. माझ्या गुडघ्याला स्पर्श कळतो, पोलिओ तेवढं ठेवतो. तिला कळत नाही, तरी ती नेहमी लोकांच्या गुडघ्यावरच हात ठेवते.

मी व्हॅनमधून निघाले ती सरळ वायरींवरून, वळसा न घालता. दोनदा अडकले, दोनदा कोणीतरी धावत येऊन चाक उचललं, आणि मी थँक्यू म्हणायला विसरले. फ्लोअरवर इळंगो एकटाच डबा खात होता. त्याला म्हटलं, सकाळचा शॉट दाखव. त्याने भाताच्या हाताने नाही, डाव्या हाताने मॉनिटर चालू केला. कुमरेसन तडफडत होता, नेहमीसारखाच फार. आणि कडेला, चौकटीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, एक हात पुढे आला, चटईचं टोक त्याने सरळ केलं, वर एकदा फिरवून बघितलं सरळ झालं का, आणि परत मांडीवर जाऊन पडला. त्या बाईजवळ मी पाणीसुद्धा प्यायले नसते. “कमाल ना?” इळंगो घास चावत म्हणाला. “मी काहीच सांगितलं नव्हतं.” मग मी त्याला कॅमेरा तयार ठेवायला सांगितलं आणि मांडवात गेले.

अरुणाचलम पानावरून उठत होता. मला बघून त्याने हात जोडले. “अक्का, माझ्या मनात काही नव्हतं हो. पोर माझ्या नातीएवढी. तिला ऊठ म्हणालो आणि माझंच काळीज चरकलं.”

“माहीत आहे, अण्णा. पण फ्लोअरवर खून झालाय. खून करणाऱ्याला न हसवता तुम्ही जेवायला सोडलंत असं कधी झालंय?”

तो विचारात पडला. हा विचार त्याला खरोखरच नवा होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चोक्कलिंगम पलीकडे हात धूत होते, त्यांचे हात तसेच नळाखाली राहिले.

“नाही झालं,” अरुणाचलम म्हणाला. “पण अक्का, तिने उठायचं कसं?”

“उठायचं नाही. खून काही तिने उठून केला नव्हता.”

डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडून त्याने तोंड पुसलं आणि दिवेवाल्यांना हाका मारायला लागला. जेवणं अर्धी टाकून माणसं कुरकुरत आत आली. कुमरेसन रस्समचा हात तसाच धरून आला. तेन्मोळी उतारावरून खाली आली, सकाळच्या जागी खुर्ची लावली आणि भिंगाकडे बघितलं. पहिल्यांदा तीच बाई होती, भावाला मारणारी, शांत. मग तिने ती बाई चेहऱ्यावरून उतरवली. कशी ते मला सांगता येणार नाही. गाल सैल झाले, डोळे जवळ आले, आणि दिंडुक्कलची एक चोवीस वर्षांची पोर तिथे बसलेली सगळ्यांना दिसली, आत्ताच आल्यासारखी. ती हसली, नाकातून आवाज करत, अजिबात सुंदर नाही असं हसली. “ताकात मीठ कमी होतं गं,” कुमरेसन म्हणाला, आणि सबंध फ्लोअर हसला. अरुणाचलम कापूर घेऊन पुढे झाला. थाळी तिच्यावरून फिरवताना तो नजरेची नावं पुटपुटत होता, आणि सकाळचं आठवल्यासारखा मध्येच थांबून त्याने तिला हळूच विचारलं, “तो चटईचा हात, मा, तो कुठून आणलास?” मी रडत होते आणि पुसत नव्हते.

चोक्कलिंगम माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, “अर्धी दुपार गेली, मंगैअम्मा. त्या दोन मुलांचं मला परत बघावं लागेल. तुम्ही तर म्हणाला होता, त्रास होणार नाही.”

“म्हटलं होतं, सर,” मी म्हणाले. “आता होईल.”